मोटार हाकण्याची परीक्षा

17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारातून ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक चव्वेचाळीस वर्षांची बाई आपल्या मुलीसह एका उत्सवासाठी चालली होती. त्याच आवारात लोकांना मोटारीत बसवून फेरी मारून आणण्याचे प्रदर्शन चालू होते. समोरून एक मोटार आली. हाकणाऱ्याने घंटा वाजविली, ओरडून सांगितले. पण ती बाई गोंधळून जागच्या जागी उभी राहिली आणि मोटारीखाली सापडून मरण पावली. इंग्लंडात मोटारीखाली मेलेली ती पहिली पादचारी होय.

पुढे रीतीप्रमाणे चौकशी झाली. हाकणारा म्हणाला, गाडी ताशी चार मैलांच्या वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने जात होती. एक साक्षीदार म्हणाला, आगीचा बंब धावावा तशी ती आली. पंचांनी सहा तास खल करून अपघाती मृत्यूचा निर्णय दिला आणि कोणावरही खटला झाला नाही. त्या चौकशीत एक गोष्ट सहज बाहेर आली होती. हा हाकणारा अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी मोटार हाकावयास शिकला होता. त्याला कोणी शिकविले, तो शिकला की नाही हे कोणी पाहिले, याबद्दल कायद्यात विचारण्यासारखे काहीच नव्हते. परवाना नावाची वस्तूच तेव्हा त्या देशात नव्हती.

आज आपल्या गावात अठरा वर्षांचे पोर झाले की ते 'कच्चे लायसेन्स' काढावयास निघते. मग 'पक्के' होते. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी, केव्हा आणि कशासाठी घातली याचा विचार आपण करीत नाही. त्या तीन आठवड्यांच्या हाकणाऱ्यापासून आजच्या परवान्यापर्यंत रस्ता कसा आला, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

आधी मोटारीच्या पूर्वीचे वाहन ध्यानात घ्यावे. टांगा किंवा बैलगाडी यांत दोन अकला काम करीत असतात, एक हाकणाऱ्याची आणि दुसरी जनावराची. बाजाराच्या दिवशी रात्री उशिरा परत येणारा शेतकरी गाडीत खुशाल झोपतो आणि बैल त्याला घरी आणून पोचवितात, हे आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाहिले असेल. घोड्यापुढे मूल आडवे आले तर घोडा स्वतःच बुजतो, थांबतो, निदान अंग चोरतो. म्हणून शतकानुशतके कोचवानाची परीक्षा घ्यावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. अर्धी परीक्षा घोडाच पास झालेला असे! मोटारीत ही दुसरी अक्कल नाही. चाकामागे बसलेला माणूस झोपला, बावरला किंवा चुकला तर खाली उरते ते केवळ लोखंड. जनावर गेले तेव्हा जनावराची शहाणीव कोठून भरून काढावयाची, हा प्रश्न उभा राहिला आणि परवान्याचा सगळा इतिहास त्या प्रश्नाच्या मागे धावताना दिसतो.

अगदी पहिल्या काळी मात्र मोटार शिकणे म्हणजे यंत्र शिकणे होते. कार्ल बेंझची पत्नी बर्था 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलगे बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला तीन चाकांच्या मोटारीतून गेली. वाटेत इंधन संपले ते तिने औषधांच्या दुकानातून विकत घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे मारून घेतले. रस्त्यावर दुसरी मोटारच नव्हती, तेव्हा समोरच्याला कसे टाळावे हे तिला शिकावयाचे कारण नव्हते. गाडी चालू ठेवता आली की मोटार हाकता आली, असे ते दिवस होते.

यामुळेच की काय, परीक्षा घेणारे पहिले अधिकारी रस्त्याचे जाणकार नव्हते. ते बॉयलरचे जाणकार होते. पॅरिसच्या पोलिस प्रमुखाने 14 ऑगस्ट 1893 रोजी एक हुकूम काढला आणि यंत्राने चालणारी गाडी शहरात हाकावयाची तर लायकीचा दाखला हवा असे ठरविले. जगात परीक्षेची सुरुवात येथून धरतात. ही परीक्षा कोण घेई? तर खाणखात्याचे इंजिनिअर! आपल्याला हसू येईल, पण त्यामागे कारण होते. फ्रान्समध्ये वाफेच्या बॉयलरांची तपासणी खाणखात्याकडे असे आणि सरकारच्या दृष्टीने मोटार म्हणजे चाके लावलेला एक बॉयलर होता. तो फुटू नये ही पहिली चिंता. 'शोफर' हा शब्दही तेथलाच. त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा, आगवाला. पुढे श्रीमंतांच्या घरचा गणवेशातला शोफर मुंबईच्या रस्त्यांवर रुबाबात फिरू लागला तेव्हा आपण आगवाले म्हणवून घेत आहोत हे त्याच्या गावीही नसेल.

1899 मध्ये हा नियम साऱ्या फ्रान्सला लागू झाला. त्याच्या एक वर्ष आधी, 1898 मध्ये, उझेसच्या डचेस बाईंनी पॅरिसमध्ये असा दाखला मिळविला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताशी बारा किलोमीटरची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांना दंडही झाला. म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणे आणि नियम पाळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे ज्ञान परीक्षेइतकेच जुने आहे. इंग्लंडातील व्हेरा बटलर या तरुणीने 1900 मध्ये परीक्षा दिली ती पॅरिसला जाऊन, कारण स्वदेशी परीक्षाच नव्हती. जर्मनीत प्रशियाने 1903 मध्ये परीक्षा सक्तीची केली; तेथेही परीक्षक होते ते बॉयलर-तपासणी संस्थेचेच. दुसऱ्या वर्षी आशाफेनबुर्ग या गावी मोटार शिकविण्याची शाळा निघाली आणि 1909 मध्ये सगळ्या जर्मन साम्राज्याला एक कायदा झाला. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा संसार वेगळा. त्यातले साउथ डकोटा हे राज्य तर 1954 पर्यंत परवान्याशिवाय आणि 1959 पर्यंत परीक्षेशिवाय चालले.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडचा कायदा तेथील वळणाने आला आणि परीक्षा नको म्हणणाऱ्यांची बाजूही तेथेच सर्वांत जोरदार मांडली गेली.

1903 च्या मोटार कायद्याने इंग्लंडात परवाना आला. तो 1 जानेवारी 1904 पासून लागला. वय सतरा पुरे असावे, पाच शिलिंग भरावेत, अर्ज द्यावा आणि परवाना घेऊन घरी जावे. परीक्षा नाही. आंधळ्याने अर्ज केला असता तरी त्याला नाही म्हणण्याची सोय त्या कायद्यात शोधूनच काढावी लागली असती. हा परवाना म्हणजे लायकीचा दाखला नव्हेच. गुन्हा केलास तर तू कोण हे आम्हाला कळावे, एवढीच सरकारची अपेक्षा. मोटारी तेव्हा जमीनदारांच्या आणि पैसेवाल्यांच्या होत्या. अशा गृहस्थाला सरकारी कारकुनाने शेजारी बसून 'आता उजवीकडे वळवा' म्हणावे ही कल्पनाच त्या समाजाला सोसण्यासारखी नव्हती. नोकर शोफरचे कौशल्य पाहावे, मालकाचे कशाला?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा होता. अपघात अकौशल्याने होत नाहीत, बेदरकारपणाने होतात. आणि बेदरकार मनुष्य परीक्षेच्या अर्ध्या तासात गोगलगाय होऊन बसेल, मग परीक्षेचा उपयोग काय? हा आक्षेप आम्हाला खोटा वाटत नाही. त्याला उत्तर एवढेच, की अकुशल आणि बेदरकार असे दोन रोग असताना एकावर तरी औषध आहे म्हणून ते द्यावे. पण हे उत्तर पटावयास त्या देशाला तीस वर्षे लागली.

त्या तीस वर्षांत रस्ते भरून गेले. 1926 साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर 4,886 माणसे मेली. 1930 च्या कायद्याने तर आणखी एक गंमत केली. मोटारींवरील ताशी वीस मैलांची जुनी वेगमर्यादा कोणी पाळतच नाही, तेव्हा ती काढूनच टाकली! याच कायद्याने अपंग हाकणाऱ्यांना परीक्षा लावली. म्हणजे एक पाय अधू असलेल्या सावध माणसाची परीक्षा आणि दोन्ही पाय धड असलेल्या बेसावध माणसाला मोकळीक. 1931 मध्ये रस्त्याच्या नियमांचे एक पेनी किमतीचे पुस्तक सरकारने काढले. ते चांगले होते, पण ते वाचलेच पाहिजे असे कोणाला बंधन नव्हते. 1934 साली मृतांचा आकडा 7,343 वर गेला. त्यांत सुमारे निम्मे लोक पायी चालणारे होते. मोटारींची संख्या आजच्या मानाने किरकोळ असताना हा आकडा!

त्याच साली लेस्ली होअर-बेलिशा हे वाहतूक मंत्री झाले. मंत्री झाल्यावर थोड्याच दिवसांत लंडनच्या कॅम्डन हाय स्ट्रीटवर पायी रस्ता ओलांडताना ते स्वतःच एका मोटारीखाली जाता जाता वाचले. या अनुभवाने कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कायद्याची तयारी आधीपासून चालू होती. पण ज्या मंत्र्याने पायी चालणाऱ्याची भीती अंगावर घेतलेली असते त्याची फाइल थोडी लवकर हलते, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. 1934 च्या कायद्याने वस्तीतून ताशी तीस मैलांची मर्यादा आली, रस्ता ओलांडण्याच्या जागा ठरल्या, त्यांच्या दोन्ही कडांना काळ्यापांढऱ्या खांबांवर पिवळे गोळे लागले (त्यातले काचेचे बरेचसे गोळे पोरांनी दगडांनी फोडले, तो भाग वेगळा), आणि हाकण्याची परीक्षा सक्तीची झाली.

1935 च्या 16 मार्चपासून ऐच्छिक आणि 1 जूनपासून सक्तीची अशी परीक्षा सुरू झाली. फी साडेसात शिलिंग. परीक्षेची केंद्रे अजून बांधलेली नव्हती. तेव्हा परीक्षक आणि उमेदवार रेल्वे स्टेशनासमोर किंवा एखाद्या बागेच्या दाराशी ठरवून भेटत. एकाने दुसऱ्याला ओळखावे कसे, हाच पहिला प्रश्न! मग अर्धा तास गाडी हाकावयाची. सरळ निघणे, उभ्या गाडीच्या आडून निघणे, रस्त्यातच गाडी उलटी फिरविणे, मागे घेत गल्लीत घालणे, एकाएकी थांबविणे आणि हाताने इशारे करणे. नियमांच्या पुस्तकातील प्रश्न तोंडी. शिकणाऱ्याच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर असावे हा दंडक त्याच वर्षीचा. पहिल्या वर्षी शेकडा 63 उमेदवार उत्तीर्ण झाले.

त्या वेळची मोटारही आजच्यासारखी सोयीची नव्हती. अनेक गाड्यांत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि मधल्या क्षणी इंजिनाचा वेग अंदाजाने सांभाळावा लागे. चुकले की दात दातांवर घासून साऱ्या रस्त्याला कळे. हँडल मारून गाडी सुरू करताना ते उलटे फिरले तर मनगट मोडे. वीजेवर सुरू होणारे यंत्र कॅडिलॅक गाडीत 1912 सालीच आले होते, पण ज्यांच्याकडे जुनी गाडी त्यांच्या नशिबी हँडलच.

परीक्षेने माणसे वाचली का? 1935 साली मृतांची संख्या 6,502 वर उतरली. आठशेहून अधिक जीव वाचले, असे म्हणून येथे टाळ्या घेणे सोपे आहे. पण त्याच वर्षी वेगमर्यादा आली, रस्ता ओलांडण्याच्या जागा आल्या. शिवाय परीक्षा होती ती फक्त नव्या माणसांना. 1 एप्रिल 1934 पूर्वी ज्यांनी परवाना काढला होता त्यांना ती माफ होती. म्हणजे पहिल्या वर्षी रस्त्यावरचे बहुतेक हाकणारे परीक्षा न दिलेलेच. तेव्हा त्या वर्षीच्या घटीचे श्रेय परीक्षेला फार देता येत नाही. परीक्षा ही आमराई लावण्यासारखी आहे. लावणाऱ्याला त्या वर्षी आंबे मिळत नाहीत. माफी मिळालेले हे लोक पुढे कित्येक दशके सुखाने गाड्या हाकीत होते आणि नातवंडांना परीक्षेबद्दल उपदेशही करीत असतील.

2 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध सुरू होताच, परीक्षा थांबली. दिवे मालवलेल्या शहरांत 1941 साली 9,169 माणसे रस्त्यांवर मेली. ब्रिटनच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा आकडा आहे. परीक्षा पुन्हा सुरू झाली ती 1 नोव्हेंबर 1946 रोजी आणि युद्धकाळात कच्च्या परवान्यावर हाकणाऱ्यांना 1947 मध्ये एक वर्षाची मुदत देऊन परीक्षेवाचूनच पक्के परवाने मिळाले. 1956 च्या नोव्हेंबरात सुएझ कालव्याच्या प्रकरणाने पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा परीक्षक रेशनिंगच्या कामाला लागले, परीक्षा बंद झाल्या आणि शिकाऊ माणसांना शेजारी जाणकार न घेता एकट्याने गाडी हाकण्याची मुभा मिळाली. पुढच्या एप्रिलपर्यंत हा कारभार चालला. जो नियम जिवाच्या रक्षणासाठी म्हणून केला तो अडचण येताच पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कागदावरची लेखी परीक्षा तर तेथे 1996 साली आली.

आपल्याकडे 1914 च्या कायद्याने मोटार हाकणाऱ्याला परवाना लागू झाला आणि 1939 च्या कायद्याने परीक्षेत काय काय पाहावे याची यादीच कायद्याच्या परिशिष्टात घातली. आज चालतो तो 1988 चा कायदा. तो 1 जुलै 1989 पासून अमलात आला. मात्र आपल्या देशात मोटारविद्या पसरली ती या कायद्यांच्या आधाराने नव्हे. ती पसरली गुरुपरंपरेने. ट्रकवर पोर क्लीनर म्हणून चढे, काचा पुशी, चाकाखाली दगड लावी, उस्तादाचे जेवण आणी. आणि एखाद्या मोकळ्या रात्री उस्ताद चाक त्याच्या हाती देऊन शेजारी डुलकी काढी. गायनाच्या घराण्यांत शिष्याने पाणी भरावे तसाच हा प्रकार. या परंपरेने आपल्याला उत्तम हाकणारे दिले यात शंका नाही. 1948 च्या जून महिन्यात पुणे-नगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हापासून घाटाघाटांतून खेडी जोडणारे ड्रायव्हर हे बहुतांशी असेच घडलेले. परंतु या परंपरेत गुरूचे गुण जसे उतरतात तसे दोषही उतरतात. उस्तादाने वळणावर हॉर्न वाजवून पुढे घुसावे, तर शिष्यही तेच शास्त्र समजून शिकतो.

आमचे शिक्षण एका निवृत्त एस. टी. ड्रायव्हरपाशी झाले. सारे गाव त्यांना मामा म्हणे. जुनी फियाट, गिअर चाकाजवळच्या दांडीवर. "मास्तर, क्लच सोडताना पायाखाली अंडं हाय असं समजा," हा पहिला धडा. दुसरा धडा अधिक मोलाचा. "रस्त्यात चेंडू आला की चेंडूकडं बघू नका. मागनं पोर येतंय, तिकडं बघा." महिनाभर ते पहाटे येत आणि चढावर गाडी मुद्दाम थांबवावयास लावीत, ब्रेक सोडून, न घसरता ती पुढे काढावयाची. आम्हाला ते कधीच नीट जमले नाही. मामा म्हणाले, अजून पंधरा दिवस थांबा. आम्हाला घाई होती.

परीक्षेला गेलो. कचेरीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. मैदानात पन्नास पावले पुढे, पन्नास पावले मागे, एवढे आम्ही गाडी नेली. साहेब झाडाखाली खुर्चीवर होते. त्यांनी मान वर करून पाहिले की नाही, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. चढ त्या मैदानात नव्हताच. आम्ही उत्तीर्ण झालो आणि, लपवून काय करावयाचे, आम्हाला आनंदच झाला.

परवाना हाती आल्यावर तिसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावर, चढावर, पुढची बैलगाडी थांबली म्हणून आम्ही थांबलो. निघताना गाडी मागे घसरली. घाबरून पाय नको तेथे पडला. गाडीने उसळी घेतली आणि भाजीची पाटी डोक्यावर घेतलेल्या एका बाईच्या पदराला चाटून ती गटाराच्या कठड्यावर थडकली. भाजी रस्त्यावर सांडली. बाईला लागले नाही. तिने आधी मेथीच्या जुड्या गोळा केल्या, मग आमच्या खिडकीशी येऊन विचारले, "लायसन हाय का रं तुझ्याकडं?" आमच्याकडे लायसेन्स होते. शर्टाच्या खिशातच होते, कोरे करकरीत. ते तिला दाखविण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. भाजीचे पैसे दिले, त्यातलेही निम्मे तिने परत केले. क्रिस्टल पॅलेसची हकीकत आम्ही त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचली. ते तीन आठवडे वाचताना आम्हाला हे तीन दिवस आठवले.

2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. 1934 मध्ये ज्या आकड्याने ब्रिटन हादरले तो आपल्याकडे साधारण सोळा दिवसांत भरतो. आपली लोकसंख्या कितीतरी मोठी, रस्ते वेगळे, वाहने वेगळी; सरळ तुलना करू नये हे आम्ही जाणतो. या मृत्यूंना केवळ ढिली परीक्षा कारण आहे असेही कोणी म्हणणार नाही. रस्त्यांची बांधणी आहे, वेग आहे, दारू आहे, हेल्मेट न घालण्याचा हट्ट आहे. पण आपला कायदा अपुरा आहे असे मात्र म्हणता येत नाही. 1989 चे नियम ज्यांनी लिहिले त्यांना काय हवे ते नेमके ठाऊक होते. कच्च्या परवान्यासाठी प्रश्नोत्तरांत शेकडा साठ गुण हवेत. तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्यावाचून पक्का मागता येत नाही. आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या यादीत आरसा नीट करण्यापासून मागे गाडी घेण्यापर्यंत सगळे आहे. त्याच यादीत एक कलम असे, की उभ्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा नीट उपयोग करून, मागे न घसरता ती पुन्हा सुरू करून दाखवावी. काही शहरांत आता या परीक्षेसाठी खास मार्ग बांधले आहेत. तेथे चढ आहे, आठाच्या आकड्याचे वळण आहे, आणि झाडाखालच्या खुर्चीच्या जागी जमिनीत बसविलेली यंत्रे आणि कॅमेरे आहेत. बाकी ठिकाणी खुर्ची आहे.

आमच्या धाकट्या मुलीचे कच्चे लायसेन्स गेल्या महिन्यात झाले. मामा आता नाहीत. पहाटे सहाला आम्हीच तिला घेऊन टेकडीच्या रस्त्याला जातो, अर्ध्या चढावर गाडी उभी करावयास लावतो आणि मागच्या चाकाशी खुणेचा एक खडू ओढून खाली उभे राहतो. काल चाक खडूच्या मागे चार बोटे आले. तिचे म्हणणे, मैदानात चढ नसतोच, मग हे कशाला. तिच्या मैत्रिणींचे पक्के होऊनही गेले. आम्ही तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली आहे.